तिसऱ्या हाकेची ओ

माझ्या थोरल्या भावानं माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. भाऊ म्हणजे अण्णा, बहीण म्हणजे मालनआक्का. भर दुपारी, पोटात नववा महिना घेऊन ती आमच्या दारात उभी होती आणि यानं तिला भूत ठरवून परत पाठवलं. पुढं हीच हकीकत तो भुताची गोष्ट म्हणून घरच्या पोरांना सांगत आला, आणि सांगतो इतकी झकास की मोठी माणसंसुद्धा पाय वर घेऊन बसतात.

गेल्या दिवाळीला सगळे वडगावच्या घरी जमलो होतो. अण्णाची नात ऋतुजा पुण्याला असते. तिनं घराच्या आठवणींचं पुस्तक करायचं काढलंय, पुढच्या पोरांना आपण कोण ते कळावं म्हणून. मोबाईल मध्ये ठेवून ती एकेकाला बोलतं करत होती. अण्णाची पाळी आली तशी त्यानं तीच गोष्ट काढली. विणायचे माग थांबले, गल्ली गप्प झाली, आणि निपाणीत मेलेली बहीण इथं दारात येऊन आईला हाक मारायला लागली. पोरं एकमेकांना चिकटली. मी मध्येच विचारलं, "अण्णा, हाका किती होत्या?"

"दोन," अण्णा म्हणाला. "तिसरी नव्हती, म्हणून तर भूत. शके, तू त्यावेळी परकरात होतीस. तुला काय आठवतंय?"

सगळे हसले. नंतर ऋतुजा जवळ येऊन म्हणाली, "आत्याआजी, तुम्हीही एक प्रकरण लिहा ना. तुमच्या बालपणाचं, जुन्या वडगावचं, काहीतरी छान." तर हे ते प्रकरण. छान आहे की नाही मला माहीत नाही. मी आयुष्यभर डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन निपाणी, संकेश्वरपर्यंत दारोदार फिरले, पुढं स्वतःचं दुकान टाकलं, आणि एवढ्या वर्षांत सांगितलेल्या शब्दावरून मागं सरले नाही. यातला एक शब्द काढायचा असेल तर ऋतुजानं आधी माझ्याशी भांडायला यावं.

आमचं घर म्हणजे पुढं सोपा, मध्ये माग, त्याच्या मागं एक आतली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसायचा आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबायचा. त्या खड्ड्यात बारा महिने ओल असायची. आप्पा, म्हणजे आमचे वडील, त्या ओलीनं गुडघ्यातून गेले होते आणि काठी टेकून चालायचे. मग मागावर बहुतेक आईच बसायची. रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसू नये, असं ती आम्हाला सांगायची. का, ते सांगायची नाही. मी एकदा बसले होते. खालचा गारवा घोट्यापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो, धरून ठेवल्यासारखा. त्यानंतर मी त्या खड्ड्याला वळसा घालून जायची.

वडगाव तेव्हा आवाजावर जगायचं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे. आमच्या मागाची ठक-ठक, पलीकडच्या घरातली त्याहून जरा हळू, आणि गल्लीच्या टोकाला ज्यांनी नवे विजेचे माग आणले होते त्यांचा खडखडाट. माणसं बोलायची ती ओरडूनच. अजून माझा आवाज मोठा आहे, गिऱ्हाइकाला वाटतं बाई भांडायलीय. बारा वाजले की मात्र सगळे माग जेवणासाठी थांबायचे. ती शांतता सुखाची नव्हती. कानात काहीतरी अडकून राहायचं, आणि मग लांबच्या गोष्टी ऐकू यायच्या. कुणाच्या तरी परसातला रहाट, भाकरी थापल्याचा आवाज, कुणाचं तरी नाव घेऊन मारलेली हाक. दिवसभरात हाक ऐकू जायची ती त्याच वेळी. म्हणून आमच्याकडं भुताची वेळ रात्रीची नव्हती, दुपारची होती.

आक्का सासरी गेली त्या वर्षी एक बातमी आली. एक बाई घराघरापुढं येते आणि घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली की माणूस संपला. ती धारवाडकडून आली म्हणे, म्हणजे कानडी असणार, म्हणून लोकांनी दारांवर चुन्यानं कानडीत लिहायला सुरुवात केली, 'नाळे बा'. म्हणजे उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. आमच्या दारावर अण्णानं लिहिलं. गावात दोन्ही भाषांच्या शाळा, तो कानडी शाळेत शिकलेला. आक्का आणि मी मराठी शाळेतल्या, आम्हाला कानडी बोलता यायचं, अक्षर ओळखता येत नव्हतं. मी त्याला विचारलं, "मराठीत का लिहीत न्हाईस?"

"ते भूत कानडी हाय. मराठीत लिवलं तर त्याला काय कळणार?"

"आनि मराठी भूत आलं तर?"

"मराठी भुतं आपल्या घरात लई हाईत. जा, सुताच्या कांड्या भर."

आई दारातून म्हणाली, "दोन्हीत लिव्ह रं. सरकारी पाटीवर सुदिक लिवत्यात." पण चुना संपला होता. कानडीतच राहिलं. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढं लागणार आहे.

हाकेचा नियम मात्र त्या बाईच्या आधीपासूनचा, आईच्या आईपासूनचा. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली की द्यायची, कारण माणूस तीनदा हाक मारतं आणि 'ते' दोनदाच. आम्ही शेजारणीशीसुद्धा असंच वागायचो. ती बिचारी तीनदा ओरडून दमायची. बाहेरगावची माणसं आम्हाला शिष्ट म्हणायची, बहिरी म्हणायची. आक्का लग्न होऊन निपाणीजवळच्या गावात गेली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूच्या हाकेला तिनं दोनदा ओ दिली नाही म्हणून बोलणी खाल्ली. हे तिनं पहिल्या सणाला आल्यावर सांगितलं होतं, हसून हसून डोळ्यात पाणी आणून. तिच्या लुगड्याला तेव्हा तंबाखूचा वास येत होता. तिचा नवरा तंबाखूच्या वखारीत होता, घरात पोत्यांची धूळ. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि शिंकतच सुटले. लागोपाठ तीन शिंका. आक्का म्हणाली, "ही बघ, माझ्या नावानं तीनदा ओ दिली हिनं." पुढं ती आली की मी शिंकायचीच. मांजराच्या पावलांनी मागून आली तरी माझ्या नाकाला आधी कळायचं.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि मुलीला आणायला भावानं जायचं, ही आमची रीत. आईनं डिंक, खारीक, अळीव गोळा केले. लाडू वळून पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा उतरंडीवर ठेवला. आतली खोली सारवून ठेवली. रोज सकाळी ती अण्णाला विचारायची, "कवा जातोस रं मालनीला आनायला?" अण्णा म्हणायचा, "उद्या."

का उद्या, ते मला पुढं कळलं, तेव्हा नाही. अण्णानं विजेचा माग ठरवला होता. तो बसवायला जागा एकच, ती आतली खोली. पूजेचा दिवस काढून झाला होता. बाळंतीण आली असती तर खोली गेली असती, वर दहा दिवस घर विटाळात, पूजा पुढं, आणि पुढचा मुहूर्त महिन्यानंतरचा. म्हणून उद्या. आधी माग बसू दे, मग तिचं बघू. नववा महिना कुणाच्या मुहूर्ताला थांबत नाही, हे त्याला सांगणारं घरात कोणी नव्हतं. आप्पा गुडघ्यांनी अधू, आई अण्णापुढं मऊ, आणि मी परकरात.

तो मंगळवार होता. आप्पा शहापूरला साड्या पोचवायला गेले होते. बारा वाजले, माग थांबले. आई मागावरून उठून तिथंच भिंतीला टेकली होती, पाय अजून खड्ड्यात. मी तिच्याजवळ बसून कांड्या भरत होते. अण्णा सोप्यात जेवत होता, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. दार आतून लावलेलं, तेव्हा सगळी गल्लीच दुपारी दारं लावून घ्यायची. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं नाही. एकदम हाक आली.

"आई."

आक्काचा आवाज. दमलेला, पण तिचाच. माझा चरख्यावरचा हात थांबला. आईनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आम्ही नियमाप्रमाणे गप्प.

"आई गं."

आईचे ओठ हलत होते. ती एक पाय खड्ड्यातून वर घेत होती. तोवर अण्णा ताटावरून उठला, उष्ट्या हातानंच. तो हळू म्हणाला, "आई, बस खाली. मालन निपाणीत हाय. नवव्या म्हयन्यात कोन एकटी येतंय? ही ती न्हवं." आई बसली. तिनं दोन्ही कान पदरानं झाकले. मी झाकले नाहीत. अण्णा दाराशी गेला, फटीपाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला. मला वाटलं मंत्र. आणि मग बाहेरून आलं, "आ—"

पुढचं अक्षर आलं नाही. कुणी हाक अर्धी गिळावी तसं. त्यानंतर इतकी शांतता झाली की अण्णाच्या बोटांवरून चटणीचं तेल खाली ठिबकलं ते मी ऐकलं, असं मला आजही वाटतं. मग पलीकडच्या घरात माग सुरू झाला आणि सगळं बुडालं.

बऱ्याच वेळानं अण्णानं दार उघडलं. उन्हात कोणी नव्हतं. पायरीवर मी जाऊन उभी राहिले आणि शिंकले. एकदा, दोनदा, तीनदा. अण्णानं दंडाला धरून मला आत ओढलं आणि म्हणाला, "सर्दी झालीया हिला." आईनं मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. मी म्हणाले, "आई, आक्का आलती." आईनं माझं तोंड दाबलं.

गुरुवारी निपाणीहून माणूस आला. अण्णा बाहेर जाऊन त्याच्याशी बोलला आणि आत येऊन आईला म्हणाला, "मालन गेली. बाळबी गेलं. मंगळवारी, दुपारी बारा वाजता." आईनं भिंतीवर डोकं आपटलं ते मी बघितलं. गोष्ट तिथंच जन्मली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वडगावाला माहीत होतं की पोरीनं जीव सोडला त्या घटकेला ती आईच्या दारात आली होती. बायका आईला सांगायच्या, बरं झालं ओ दिली न्हाईस, तुलाबी न्हेली असती.

आप्पा आणि अण्णा निपाणीला जाऊन आले. परत आल्यावर आप्पा बोलायचेच कमी झाले. अण्णा जेवायला बसला की ते ताट उचलून मागावर जाऊन बसायचे. लग्न झालेल्या मुलीचं सुतक आमच्यात तीन दिवसांचं. ते फिटलं आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आतल्या खोलीत विजेच्या मागाची पूजा झाली. जन्मासाठी दहा दिवस थांबावं लागलं असतं, मरणाला तीन पुरले. आप्पांनी त्या मागाला शेवटपर्यंत हात लावला नाही. लाडवांचा डबा उतरंडीवरून कुणी काढला ते मला माहीत नाही. मी बघितलं तेव्हा नव्हता.

आई मात्र बदलली. मागावर बसली की मध्येच पावडी थांबवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "ओ. आलो गं, आलो." आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात. आम्हाला कुणालाही हाक ऐकू आलेली नसायची. आधी दुपारीच, मग दिवसातून कितीही वेळा. पहिल्याच हाकेला ओ. नियम तिनं स्वतःपुरता मोडून टाकला होता. शेवटच्या आजारात मी तिला माझ्याकडं घेऊन आले. एका दुपारी ती झोपेतून उठून बसली आणि म्हणाली, "शके, दार उघड. आली बघ." वाद घालायचा नाही म्हणून मी उघडलं. जिन्यावर कोणी नव्हतं. आमच्या इमारतीत विडीसुद्धा कोणी ओढत नाही. आणि मला शिंका आल्या, तीन. आतून आई म्हणाली, "ये गं. लई उशीर केलीस." मी ते दार संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं. का ठेवलं, ते विचारू नका.

मला खरं कळलं ते गाठोडं घेऊन फिरताना. आक्काच्या सासरच्या गावात मी बरीच वर्षं गेले नव्हते. एकदा गेले. तिच्या सासरचं घर पडलं होतं, पण शेजारची हौसाबाई होती, म्हातारी, सुपात तंबाखू पाखडत बसलेली. मी साडी दाखवली, तिनं नाक मुरडलं, मी दुसरी दाखवली, अशी आमची घासाघीस चालू होती. बोलता बोलता तिनं विचारलं, "कुठली गं तू?" मी वडगाव सांगितलं. तिचे हात सुपावर थांबले.

"मालनीच्या गावची."

"तिची बहीण मी."

तिनं माझ्यापुढं पाट सरकवला. मग म्हणाली, "त्या मंगळवारी ती एकटीच यष्टीनं म्हायेरी गेलती. सासूला न सांगता. सांजच्या गाडीनं माघारी आली, पाय सुजून असं झालेलं. मी म्हटलं, का गं, ठिवून घेतलं न्हाईत? तर म्हनाली, उद्या बोलावलंय. उद्या जाते. रातीच पोटात कळा सुरू झाल्या. बुधवारी पहाटं आटपलं सगळं." आणि सूप खाली ठेवून मला विचारलं, "तुमच्यात नेमकं काय काम निघालतं गं त्या दिवशी?"

मी त्या दिवशी एकही साडी न विकता परत आले.

मंगळवारी बारा वाजता माझी बहीण जिवंत होती. आमच्या पायरीवर होती. बस उतरून वडगावपर्यंत चालत आली होती, कारण न्यायला येणारा उद्या येणार होता. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आई गेली, आणि अण्णाला विचारायचं मी वर्षानुवर्षं गिळत राहिले. त्याचं वय, त्याचा मान, घरातली लग्नं. दिवाळीला त्यानं दोन बोटं वर करून पोरांना सांगितलं तेव्हा ते गिळणं संपलं.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी मी एकटी त्याच्याकडं गेले. अण्णा आता ऐंशीला आलाय. विजेच्या मागानं त्याचे कान खाल्ले, कानात मशीन असतं. आतल्या खोलीत आता नुसती अडगळ आहे. मी समोर बसून हौसाबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "उद्या ये हे तिनं दारावर वाचलं आसंल. भुतासाठी लिवलेलं ती वाचून गेली. नशीब म्हनायचं."

"आक्काला कानडी वाचता येत होतं?"

तो कानातलं मशीन चाचपायला लागला.

"अण्णा, अक्षर तिला ओळखता येत नव्हतं. वाचून कळायचं नव्हतं, ऐकूनच कळायचं होतं. नाळे बा तिला तू म्हणालास. फटीशी वाकलास तेव्हा. डोळा लावला असशील तर तुला ती दिसली. नुसतं तोंड लावलं असशील तर न बघता बोललास. दोन्हीतलं कुठलं, तेवढं सांग."

"मी भुताला म्हनालो. सगळेच म्हनायचे."

"तिसऱ्या हाकेला?"

"तिसरी नव्हती, शके."

"होती."

"अर्धी होती." त्याच्या तोंडून निघून गेलं. मग तो सावरला. "आडीच धर. ती ऋतुजा म्हनालीया, पुस्तकात मालनीचा फोटो घालूया, पयल्या पानावर. लग्नातला. आनि तू हे मिटव."

माझ्याशी घासाघीस. आयुष्यभर मी कुठल्या गिऱ्हाइकाला भाव पाडू दिला नाही, आणि हा माझ्याकडून हाकेचा भाव पाडून घ्यायला निघाला. मी ओरडले, सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णानं शांतपणे कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. माझे ओठ हलताना त्याला दिसत होते, एवढंच.

ऋतुजा, तुला घराचा वारसा पाहिजे होता. गोष्ट तू छापणारच आहेस, तर त्यात भूत ठेवू नकोस. आमच्या दारात भूत आलं नव्हतं. आमच्या घरची मुलगी आली होती, आणि तिनं तीनदा हाक मारली. तिसरी अर्धी राहिली, कारण आतून तिच्या भावाचा आवाज तिला ऐकू आला.

अण्णा, तुला मी दोनदा विचारलं. दिवाळीला सगळ्यांपुढं, तेव्हा तू हसलास. तुझ्या घरी एकट्यात, तेव्हा मशीन काढलंस. आपल्या आईचा नियम आहे, दोन हाकांना गप्प बसलास ते माफ. हे लिहिलंय ती तिसरी. वाचायला कान लागत नाहीत, आणि अक्षर मराठी आहे, तुला येतं. फटीला डोळा लावला होतास की नुसतं तोंड? अर्धी नाही, पूर्ण मारलीय हाक. ओ दे.